फायटिंग मोठी की कथा? मार्शल आर्ट्सचे सिनेमे आणि आपला दशावतार

खाडीपलीकडे

मार्शल आर्ट्सच्या सिनेमांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "स्टोरीत दम नाही, पण फायटिंग कडक." मला हे वाक्य पटत नाही. का पटत नाही ते मांडतो आणि इथल्या जाणकारांनी त्यावर बोलावं म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं असं की चांगल्या मारामारीत कथा थांबत नाही, उलट तिथेच ती सर्वात वेगाने पुढे जाते. दोन माणसं भिडली की प्रत्येकाला क्षणाक्षणाला काहीतरी ठरवावं लागतं. मागे हटायचं की नाही, पडलेल्याला मारायचं की नाही, हातातलं हत्यार टाकायचं की नाही. या ठरवण्यातून माणूस कळतो. संवादातून कळतो त्यापेक्षा लवकर कळतो.

'वे ऑफ द ड्रॅगन' (१९७२) घ्या. पटकथा आणि दिग्दर्शन ब्रूस लीचंच. रोममधल्या एका चिनी हॉटेलवर गुंडांचा डोळा आणि हॉटेलवाल्यांच्या मदतीला हाँगकाँगहून आलेला एक तरुण, एवढीच गोष्ट. पण शेवटची कोलोसियममधली चक नॉरिसबरोबरची लढत आठवा. सुरुवातीला ली मार खातो. नेहमीच्या पद्धतीने चाललेलं काही लागू पडत नाही. मग तो पवित्रा बदलतो, पावलं नाचवायला लागतो, आणि लढत फिरते. नॉरिसचा हात मोडतो, पाय मोडतो, तरी तो उठतो. ली मान हलवून त्याला थांब म्हणतो. तो थांबत नाही. मारल्यावर ली त्याचाच अंगरखा आणि पट्टा त्याच्या अंगावर ठेवतो आणि गुडघ्यावर बसतो. या सगळ्यात संवाद जवळजवळ नाहीच. सिनेमात इतरत्र विनोद आहेत, ढिले प्रसंग आहेत, पण या काही मिनिटांत दोन माणसांची पूर्ण गोष्ट सांगून होते. मग "स्टोरीत दम नाही" कसं म्हणायचं?

कुडाळ-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात दशावतार बघत वाढलेल्यांना तरी हे नवीन वाटू नये. आख्यान पुराणातलं. कोण जिंकणार हे पहिल्या रांगेत बसलेल्या पोरालाही ठाऊक. लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे सुचतात. तरी दोन राजे समोरासमोर येऊन शब्दांनी भिडतात, झांज चढते आणि तलवारी बाहेर निघतात तेव्हा अख्खी जत्रा सावरून बसते. निकाल माहीत असूनही लोक कशासाठी थांबतात? माझ्या मते याच प्रश्नात आपल्या वादाचं उत्तर आहे.

मालवणी_गजाल

तुमचा म्हणणा माका अर्धाच पटला. जत्रेक रातभर जागान लोक बसतत ते काय नुसते संवाद ऐकूक? अभिमन्यू चक्रव्यूहात शिरता तेव्हा पखवाजवालो जो हात टाकता आणि तो पोरगो ज्यो गिरक्यो मारता, त्या बघूक मिळूचा म्हणान लोक सांजेपासून जागा धरतत. कथा सगळ्यांक पाठ आसा. म्हणजे कथा नको असा नाय. कथा आधीच गाठीक आसा, म्हणान डोळे लढाई बघूक मोकळे.

कुंग-फूच्या सिनेमाचाही तसाच. गुरूक मारल्यानी, शिष्य सूड घेतलो. ही कथा आमका पाठ. पाठ आसा ता बरा आसा. आता तो सूड कसो घेता ता बघूया.

आणि ट्रिकसीनचा (यंत्रान दाखवलेल्या चमत्काराच्या दृश्याचा) काय तां पण बोला. हल्ली जाहिरातीत 'ट्रिकसीनयुक्त' लिवलेला नसला तर तरणी पोरा जागची हलनत नाय. म्हातारे म्हणतत दशावतार बुडालो. हो वाद तुमच्या सिनेमापेक्षा जुनो आसा.

काळा_पट्टा

मी रत्नागिरीत मुलांना कराटे शिकवतो, त्यामुळे माझी बाजू उघड आहे. मला शरीर बघायचं असतं. गाणाऱ्याचा आलाप ऐकताना आपण "यात गोष्ट कुठे आहे" असं विचारत नाही. मग लढणाऱ्यालाच का विचारायचं? कातामध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्याने करून दाखवण्यात, तर समोर प्रतिस्पर्धीही नसतो. तरी चांगला काता बघताना श्वास अडकतो.

'ओंग-बाक' (२००३) मधला टोनी जा हे माझं उदाहरण. गावातल्या बुद्धमूर्तीचं शिर चोरीला जातं, ते परत आणायला एक तरुण बँकॉकला जातो. कथा संपली. पण त्या माणसाची गुडघ्याची झेप, कोपराचे वार, बाजारातल्या गल्लीतून पळताना वस्तूंवरून घेतलेल्या उड्या! ना नटाला उचलणाऱ्या तारा, ना संगणकाची करामत. दिग्दर्शक तीच उडी दुसऱ्या कोनातून पुन्हा दाखवतो, कारण त्याला माहीत आहे की प्रेक्षकाला ती पुन्हा बघायची आहे. या पुनरावृत्तीने कथा जागच्या जागी थांबते आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

उलट, कथेचं कारण सांगून लोक वाईट मारामारी खपवतात याचा मला राग येतो. नटाला धड ठोसा मारता येत नाही म्हणून कॅमेरा हलवायचा, तीन ठिकाणी कापायचं, वर मोठा आवाज घालायचा आणि म्हणायचं की आमचा भर भावनेवर आहे. मुठीत जोर नसेल तर भावना कुठून पोचणार?

कट_टू_कट

काळा_पट्टा यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. मी संकलनाचं काम करतो (मूळ गाव गुहागरकडे, पोटापाण्यासाठी मुंबई), त्यामुळे या मुद्द्यावर जरा सविस्तर लिहितो.

हाँगकाँगच्या चांगल्या दिवसांत मारामारीचा दिग्दर्शक वेगळा असायचा आणि त्या प्रसंगापुरता कॅमेरा कुठे लावायचा, कुठे कापायचं हेसुद्धा तोच ठरवायचा. चार-पाच हालचालींचा एक तुकडा बसवायचा, त्याला सोयीचा कोन शोधायचा, तो जमेपर्यंत घ्यायचा, मग पुढचा तुकडा. म्हणजे संकलन डोक्यात आधीच झालेलं असायचं. दुसरी पद्धत अशी की अख्खी मारामारी सगळ्या बाजूंनी चित्रित करून ठेवायची आणि टेबलावर बसून काय सापडतं ते बघायचं. दुसऱ्या पद्धतीत आमच्यासारख्यांच्या हातात ढीगभर तुकडे येतात आणि लय मात्र कुठेच नसते.

एक युक्ती सांगतो, पुढच्या वेळी मुद्दाम लक्ष देऊन बघा. लाथ बसते ते दृश्य लांबून दाखवतात, मग कापून जवळून दाखवतात. जवळचं दृश्य जिथे सुरू होतं तिथे लाथ पुन्हा काही फ्रेम मागे असते. म्हणजे तोच घाव आपण सव्वा वेळा बघतो. मेंदूला ते दोन घाव वाटत नाहीत, एकच पण जबर घाव वाटतो. कापताना तेवढ्याच फ्रेम खाल्ल्या तर लाथ पोकळ लागते.

आता कथेचं. माझ्या मते मारामारीतली कथा जागेपासून सुरू होते. दार कुठे आहे, जिना कुठे आहे, कोण कोणाच्या मधे उभा आहे. हे प्रेक्षकाला कळत नसेल तर पुढे काहीही करा, फक्त हातपाय हलताना दिसतात. 'पोलीस स्टोरी' (१९८५) मधला शेवटचा मॉलचा प्रसंग यासाठीच शिकण्यासारखा आहे. किती मजले, सरकते जिने कुठे, काचेची कपाटं कुठे, सगळं आपल्याला ठाऊक असतं. म्हणून जॅकी चॅन वरच्या कठड्यावरून खांबाला धरून खाली झेपावतो तेव्हा किती उंचीवरून झेपावतोय ते पोटात जाणवतं. तिथेही ती झेप वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा दाखवली आहे, पण ती संपताच तो धडपडत उठून बॅगेकडे धावतो. पुरावा त्या बॅगेत आहे. झेप घेण्याचं कारण तेच होतं. आणि अगदी शेवटी, कायद्याचा माणूस असूनही, तो हाताला लागेल त्याला ठोसे मारत सुटतो. पूर्ण सिनेमाभर दाबलेला राग तिथे बाहेर येतो. त्या ठोशांना सौंदर्य नाही, मुद्दाम ठेवलेलं नाही.

सुरंगी

इथे एकाही बाईच्या लढतीचा उल्लेख अजून झाला नाही, म्हणून मी लिहिते.

'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००), मिशेल यो आणि झांग झीयी यांची तालमीतली लढत. तरुण मुलीच्या (झांग) हातात 'ग्रीन डेस्टिनी' ही अजिंक्य तलवार. थोरलीकडे (यो) तालमीच्या भिंतीला लावलेली सगळी हत्यारं. थोरली एकेक हत्यार उचलते आणि ती तलवार ते कापून टाकते. ती पुढचं उचलते. एक लोखंडी दांडा तर इतका जड की तिला तो पेलवतच नाही. बघताना आपल्याला समजत जातं की कौशल्य थोरलीकडे आहे आणि धाकटीकडे आहे ती फक्त तलवार. शेवटी थोरली मोडकं पातं धाकटीच्या गळ्याशी नेते आणि थांबते. मारत नाही. आणि धाकटी त्या थांबण्याचा फायदा घेऊन तिच्या दंडावर वार करते.

धाकटी उर्मट आहे, थोरलीचा तिच्यावर जीव आहे, मोठेपण म्हणजे नुसती ताकद नाही, हे सगळं त्या लढतीत आलं आहे आणि यातलं काहीही वेगळं बोलून दाखवावं लागलं नाही. ती बसवणारे यूएन वू-पिंग. हेच गृहस्थ 'द मेट्रिक्स' (१९९९) साठीही होते.

दुसरं उदाहरण 'इप मॅन' (२००८). सुरुवातीला एक दांडगट कुंग-फूचा उस्ताद इप मॅन याच्या घरी येऊन आव्हान देतो. लढत चालू असताना त्याचा लहान मुलगा तीनचाकी सायकलवरून येऊन सांगतो की आई म्हणतेय, तुम्ही उलट मारलं नाहीत तर घरातलं सगळं फुटेल. मग त्या एका वाक्याने लढत फिरते. इप मॅन भांडी सांभाळत, पिसांच्या झाडणीने त्या माणसाला नमवतो. पुढे जपानी सैन्याच्या ताब्यातल्या फोशानमध्ये ओळखीच्या उस्तादाला डोळ्यांसमोर गोळी घातल्यावर तोच माणूस दहा जणांना आव्हान देतो आणि हाडं मोडतो. विद्या तीच, विंग चुन. माणूस तोच. हात वेगळे चालतात. काळा_पट्टा, तुम्ही म्हणता तसा मी फक्त दुसरा प्रसंग वेगळा काढून बघितला, तर मला निम्मंच दिसेल.

पण खाडीपलीकडे, माझी एक तक्रार तुमच्या बाजूवरही आहे. कथा हवी, कथा हवी म्हणताना लेखक सर्वात सोपा मार्ग घेतात. नायकाच्या बायकोला, बहिणीला, प्रेयसीला मारतात. झालं, मिळालं कारण. याला मी कथा म्हणायला तयार नाही. रेल्वेत घडणाऱ्या 'किल' या हिंदी सिनेमात नेमकं हेच आहे. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाक्य सोडा.) तुलिका मरते ती नायक अमृतला पेटवण्यासाठी, त्यापलीकडे तिला त्या गाडीत काही काम दिलेलं नाही.

खाडीपलीकडे

सुरंगी, 'किल'बद्दलची तुमची तक्रार रास्त आहे. तुलिकाला खरंच काही करायला दिलेलं नाही. तरी त्या सिनेमात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिच्या मृत्यूपर्यंत अमृत मारतो ते माणसं आडवी करण्यापुरतं. त्यानंतर सिनेमाचं नाव पडद्यावर येतं, जवळजवळ मध्यावर, आणि तिथून तो जीव घेण्यासाठीच लढतो. तोच डबा, तीच अरुंद वाट, तेच दरोडेखोर, आणि लढण्याची रीत पूर्ण बदललेली. बघताना आपल्याला त्याची भीती वाटायला लागते.

मालवणी_गजाल यांनी "कथा आधीच गाठीक आसा" असं लिहिलं, त्यावर मी दोन दिवस विचार करतोय. यातून पुढचा धागा मिळतो. हाँगकाँगच्या मारामारीचं मूळ रंगभूमीतच आहे. जॅकी चॅन, सॅमो हंग, यूएन ब्याव हे तिघेही लहानपणी यू जिम-यूएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत राहून शिकले. कोलांट्या, गाणं, हत्यारं, सगळं एकत्र. त्यांच्या आधी दिग्दर्शक किंग हू यांच्या सिनेमांतल्या लढती बसवणारे हान यिंग-चिए हेही ऑपेरातूनच आलेले. त्या रंगभूमीवरही कथा लोकांना ठाऊक असायच्या, लढाई तालवाद्यांवर चालायची आणि ऐन भरात नट एका पवित्र्यात क्षणभर थिजायचा. जुन्या कुंग-फू सिनेमात दोन-तीन वार, मग क्षणभर स्तब्धता, मग पुन्हा वार, अशी जी लय दिसते ती तिथली आहे. 'क्राउचिंग टायगर'मधला रात्रीचा छपरांवरचा पाठलाग नुसत्या ढोलांवर चालतो, तेही बघा.

आपल्या पखवाजाच्या आणि झांजेच्या साथीवर लढणारे राजे त्या परंपरेचे नातलग नाहीत, पण सोय सारखीच आहे. ताल माणसाला सांगतो की आता काहीतरी ठरणार आहे. ट्रिकसीनला माझा विरोध नाही. फक्त ट्रिकसीनच्या वेळी नट काही ठरवत नाही, यंत्रणा ठरवते. म्हणून तो बघून टाळ्या पडतात आणि संपतो.

याच किंग हूंच्या 'अ टच ऑफ झेन' (१९७१) मध्ये पहिली लढत यायला जवळजवळ तास जातो. तोवर एक पडका किल्ला, एक गरीब चित्रकार, शेजारी राहायला आलेली एक अनोळखी मुलगी. काहीतरी बिघडलं आहे एवढंच कळत राहतं. तास थांबवून मग दिलेली ती लढत मी विसरू शकत नाही.

काळा_पट्टा

तास थांबायची माझी तयारी आहे, पण मला दुसरा मार्ग जास्त जवळचा आहे. 'थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८), लाऊ कार-लेउंग यांचा. सिनेमाचा मधला मोठा भाग फक्त शिक्षण. दंडाला पाती बांधून पाण्याच्या बादल्या न्यायच्या, हात खाली आला की पातं बरगडीत. शत्रू नाही, सूड नाही. एक माणूस आणि एक न जमणारी गोष्ट. सुरंगींचा मुद्दा मला इथे लागू पडताना दिसतो, कारण त्या खोल्यांमध्ये कथा आणि कसरत वेगळी काढताच येत नाही. एक जमलं की पुढच्या खोलीत. माझ्या वर्गात मुलं याच वाटेने जातात म्हणून मला तो सिनेमा इतका आपला वाटतो.

आणि 'द रेड' (२०११) बद्दल कोणी बोललं नाही? इंडोनेशियाची पेंचक सिलात विद्या त्याने जगाला दाखवली. पोलिसांची तुकडी गुंडांनी भरलेल्या इमारतीत शिरते आणि अडकते, बस. पण मॅड डॉग नावाचा तो बुटका खलनायक समोरच्यावर पिस्तूल रोखलेलं असताना ते बाजूला ठेवतो. त्याला हातांनी मारायचं आहे. पुढे नायकाच्या भावाला टांगून ठेवलेलं असतं, तर नायकाला त्याला सोडवू देतो आणि दोघांशी एकदम लढतो. त्या माणसाचं पूर्वायुष्य सिनेमा सांगत नाही. मला त्याची गरजही पडली नाही.

खाडीपलीकडे

पिस्तूल बाजूला ठेवणं, हेच तर मी पहिल्या पोस्टीत म्हणत होतो!

रापणकर

बरेच दिवस वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय. मालवणजवळच्या किनाऱ्यावर राहतो. आमच्या वाडीतली कॉलेजची पोरं मोबाईलवर एक छोटी फिल्म करतायत. दोन सख्खे भाऊ. एक रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं), दुसरा पर्ससीनच्या (मोठ्या घेराच्या जाळ्याच्या यांत्रिक) बोटीवर नोकरीला. बोटींमुळे रापणीला मासळी मिळत नाही यावरून घरात धुमसतंय. शेवटी किनाऱ्यावर दोघांची मारामारी. पोरांनी 'द रेड' दहा वेळा पाहिलाय आणि त्यांना तसलंच हवंय. मी त्यांना काय सांगू? धाग्यातल्या मंडळींनी मदत केली तर बरं होईल.

सुरंगी

आधी एक विचारा : मारामारीच्या वेळी प्रत्येक भावाला काय हवं आहे? दोघांनाही एकमेकांना मारायचंच असेल तर ती मारामारी कुठल्याही दोन माणसांची होईल. समजा बोटीवरच्या भावाला रागाच्या भरात जाळं कापायचं आहे आणि दुसऱ्याला ते वाचवायचं आहे. मग दुसऱ्याचे हात सतत जाळ्यात गुंतलेले राहतील. तो मार खाईल, पण जाळं सोडणार नाही. 'इप मॅन'मधल्या त्या भांड्यांसारखं. आणि त्यांची आई कुठे आहे, तिचं जाळ्याशी काय नातं आहे, तेही ठरवा. ती केवळ रडायला आणू नका. किनाऱ्यावर मासळी निवडायला आणि विकायला बायकाच असतात, तिचाही त्या मासळीवर हिशेब चालतो.

कट_टू_कट

जाळ्याची कल्पना उत्तम. कॅमेऱ्याचं सांगतो. 'द रेड'सारखा कॅमेरा पोरांना झेपणार नाही, ते लोक महिनोन्महिने तालीम करतात. मोबाईल आडवा धरून स्थिर ठेवा, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत दिसू देत. मारणारा आणि मार खाणारा एकाच चौकटीत ठेवा. ठोसा एका दृश्यात आणि कळवळणं दुसऱ्यात असं केलं की खोटं पडतं. पहिल्या दृश्यात समुद्र कुठल्या बाजूला, बोट कुठे, जाळं कुठे ते दाखवून घ्या आणि मग समुद्राची बाजू बदलू नका. उन्हं कलताना शूट करणार असाल तर तासभरच मिळेल, म्हणून आधी कोरडी तालीम करून चार-पाच हालचालींचे तुकडे ठरवून ठेवा. लाटांचा आणि वाऱ्याचा आवाज मोबाईलमध्ये फार येतो, ठोशांचे आवाज घरी ओल्या गोणत्यावर मारून वेगळे रेकॉर्ड करा.

मालवणी_गजाल

मारामारीआधी दोघांका बोलूक देवा. दशावतारात राजे आधी शब्दान मारतत, मगे तलवारीन. भावाभावातला भांडण आमच्या भाषेत झाला तर ता लागात. आणि लिवन देव नका, दोघांका समोरासमोर उभे करा आणि सांगा, बोला. मोबाईल चालू ठेवा.

काळा_पट्टा

सुरक्षिततेचं माझ्याकडून घ्या. जाळं कापायला खरा सुरा अजिबात नको, लाकडाचा कापून त्यावर चंदेरी कागद लावा. सुक्या वाळूत पडायला हरकत नाही, पण पाण्यालगतची ओली वाळू दगडासारखी लागते, तिथे खांद्यावर पडलात तर हाड जाईल. पडताना हनुवटी छातीला आणि हात बाजूला आपटून जोर वाटून द्यायचा, हे आठवडाभर रोज करून घ्या. पाय जाळ्यात अडकलेला असताना कोणीही कोणाला ढकलायचं नाही, तो तुकडा वेगळा आणि सावकाश घ्यायचा. येत्या रविवारी मी मालवणला येतोय. पोरांना सकाळी किनाऱ्यावर जमवा, दोन तास पडायला शिकवतो. जाळं कुठलं वापरणार ते आधीच ठरवून ठेवा, म्हणजे त्याच जाळ्यावर तालीम होईल.

रापणकर

जाळं आहे. फाटलेलं, वापरात नसलेलं, आमच्याच खोपीत पडून आहे. सुरंगीताईंचा आईचा मुद्दा पोरांना सांगितला. आता आईच जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला उभी असणार आहे आणि तीही ते सोडणार नाही. रविवारी सकाळी सातला भेटू.